पब म्हणजे बार नव्हे

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास लॅबमध्ये किंवा ऑफिसात कोणीतरी लॅपटॉप मिटतं आणि विचारतं, "पबला येणार ना?" तुम्ही इकडे नवीन असाल तर त्या क्षणी डोक्यात एकदम तीन-चार गोष्टी येतात. मी पीत नाही, मग तिथे जाऊन करू काय? पीत असलो तरी सहा-सात पौंडांचा एक ग्लास स्टायपेंडमध्ये कसा बसवायचा? त्यांचे विनोद मला कळतील का? आणि सगळ्यांत तळाशी, हळूच: घरी कळलं तर? मग आपण "आज जरा काम आहे" म्हणून सटकतो. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. यात राग वगैरे काही नसतो. आग्रह ही आपली पद्धत आहे, त्यांची नाही. नको म्हटलं की नको, असं ते सरळ धरून चालतात.

हा लेख तुम्हाला प्यायला लावण्यासाठी नाही. आयुष्यभर लिंबू-सोडा पीत राहिलात तरी पब तुमच्यासाठीही आहे, एवढंच सांगायचं आहे. आणि तो का आहे, कसा झाला, हे जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण तो आपल्यासारख्यांसाठी कायमच खुला होता असं नाही.

गोंधळ शब्दापासून सुरू होतो. आपल्याकडे बार म्हटलं की काळ्या काचा, मंद दिवे, आत कोण बसलंय ते बाहेरून दिसू नये अशी सगळी व्यवस्था. महाराष्ट्रात तर १९४९च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, 'परमिट रूम' ही पाटी तिथूनच आली. म्हणजे जिथे सरकारची परवानगी लागते आणि शेजाऱ्यांची नजर चुकवावी लागते अशी ती जागा. पुण्या-मुंबईत ज्याला पब म्हणतात ते आणखी वेगळं: डीजे, मोठा आवाज, दारात उभा असलेला बाउन्सर. ब्रिटनमधला जुन्या वळणाचा पब या दोन्हींपैकी काहीच नाही.

पब हे 'पब्लिक हाउस'चं छोटं रूप. सार्वजनिक घर. यातला 'घर' हा शब्द अगदी शब्दशः घ्या. मध्ययुगात एल म्हणजे बिअर बहुतेक बायकाच घरी करायच्या. नवीन एल तयार झाली की दाराबाहेर काठीला एखादी डहाळी बांधायची, ती पाहून लोक यायचे आणि तिच्याच घरात बसून प्यायचे. पुढे १८३०च्या बिअर कायद्याने तर वर्षाला दोन गिनी भरून कोणाही करदात्याला स्वतःच्या घरातून बिअर विकायची मुभा दिली, आणि हजारो घरांच्या पुढच्या खोल्या दुकानं झाल्या. एखाद्या चाळवजा लांब रांगेच्या टोकाला, कोपऱ्यावरच्या घरात पब दिसतो, त्यातले कित्येक असे जन्मलेले आहेत. आजही अनेक ठिकाणी पब चालवणारे लँडलॉर्ड किंवा लँडलेडी वरच्या मजल्यावर राहतात. म्हणून आत गालिचा असतो, शेकोटी असते, एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या असतात आणि बऱ्याचदा मालकाचं कुत्रं वाटेत झोपलेलं असतं. मला तरी पब हा बारपेक्षा गावातल्या पाराच्या जास्त जवळचा वाटतो. फरक इतकाच की इथल्या पावसामुळे पारावर छप्पर घालावं लागलं.

आता आत जायचं कसं ते. मी पहिल्यांदा एकटी पबमध्ये गेले तेव्हा सरळ एका टेबलाशी जाऊन बसले आणि मेन्यू घेऊन कोणीतरी येईल म्हणून वाट बघत राहिले. वीस मिनिटं. कोणी आलं नाही. बाजूच्या टेबलांवर लोकांच्या हातात ग्लास होते, हसणं-खिदळणं चालू होतं, माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. पंधराव्या मिनिटाला मनात ती शंका आली, जी आपल्यापैकी सगळ्यांना कधी ना कधी येते: मी अशी दिसते म्हणून तर नाही? तेवढ्यात एक आजोबा काउंटरकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथे जाऊन सांगावं लागतं बाई, नाहीतर नाताळपर्यंत बसशील." मला नियम माहीत नव्हता, एवढंच.

तर नियम असा: पबमध्ये वेटर नसतो. जेवणाचं कधी टेबलावर आणून देतात, पण पेय स्वतः काउंटरवर जाऊन घ्यायचं आणि तिथल्या तिथे पैसे द्यायचे. काउंटरपाशी रांग लावायची नसते, आणि ही इंग्रजांच्या देशातली खरोखर आश्चर्याची गोष्ट आहे. सगळे आडवे पसरून उभे राहतात, तरी कोण आधी आलं याचा हिशेब प्रत्येकाच्या डोक्यात असतो आणि काउंटरमागच्या माणसाच्याही. तुमच्या आधी आलेल्याला सोडून त्याने तुम्हाला विचारलं तर "यांचा नंबर आहे" म्हणायचं. एवढ्याने तुमची किंमत लगेच वाढते. हात हलवू नका, नोटा फडकवू नका, चुटकी तर चुकूनही वाजवू नका. नुसतं नजरेला नजर भिडली की पुरे. टीपही ठेवायची नसते. फारच खूश असाल तर "आणि एक तुमच्यासाठी घ्या" म्हणायचं, मग तो एका पेयाचे पैसे तुमच्या बिलात धरतो. बरोबरीच्या माणसाला पाजावं तसं. नोकराला बक्षिसी दिल्यासारखं वाटू नये, हा त्यातला मुद्दा.

काउंटरवर जावं लागणं ही गैरसोय नाही, पबचं सगळं मर्म तिथेच आहे. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इंग्रजांच्या वागण्यावर 'वॉचिंग द इंग्लिश' नावाचं पुस्तक लिहिलंय. त्यांचं निरीक्षण असं की पबचा काउंटर ही इंग्लंडमधल्या अगदी मोजक्या जागांपैकी एक आहे, जिथे अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात करणं रीतीला धरून आहे. ट्रेनमध्ये शेजारच्याशी बोललात तर तो घाबरतो. बसस्टॉपवर फार तर हवामानावर एक वाक्य. पण काउंटरला टेकून उभ्या असलेल्या माणसाने आपण बोलायला मोकळे आहोत हे जणू जाहीरच केलेलं असतं. उलट, कोपऱ्यातल्या टेबलावर पाठ करून बसलेला माणूस एकटेपण मागतोय, त्याला तेही मिळतं. सोबत आणि एकांत दोन्ही एकाच खोलीत, आणि कोणतं हवं ते तुम्ही कुठे उभे राहता यावरून ठरतं. परदेशात एकट्याने खोलीत राहणाऱ्याला याची किंमत सांगायला नको.

मग येतो राउंड. चौघं गेलात तर चौघांनी आपापलं घ्यायचं नसतं. एकजण सगळ्यांसाठी आणतो, पुढच्या वेळी दुसरा. आपल्याकडे बिल आलं की "मी देतो, मी देतो" अशी झटापट होते, इथे ती होत नाही कारण पाळी ठरलेली असते. पाळी आली की कोणी आठवण करून देत नाही, पण जो ती चुकवतो त्याची आठवण मात्र वर्षानुवर्षं राहते. ही रीत इतकी घट्ट आहे की पहिल्या महायुद्धात, कारखान्यांतल्या कामगारांचं पिणं कमी व्हावं म्हणून, १९१५मध्ये दुसऱ्याला पाजण्यावरच सरकारने बंदी घातली होती. १९३०च्या दशकाच्या अखेरीस 'मास ऑब्झर्वेशन' या गटाचे लोक बोल्टन या गिरणगावातल्या पबांमध्ये वह्या घेऊन बसले; त्यावरचं 'द पब अँड द पीपल' हे पुस्तक १९४३मध्ये आलं. त्यांच्या लक्षात आलं की एकत्र पिणाऱ्यांच्या ग्लासांतली पातळी जवळजवळ सारखीच खाली जाते, कोणी ठरवून न करता. संशोधक असाल तर हे पुस्तक मुद्दाम बघा. ग्लास तोंडाला किती वेळा लागला हे मोजत बसणारी माणसं आपल्या आधीही होती हे कळून बरं वाटतं.

न पिणाऱ्याने राउंडमध्ये काय करायचं? दोन मार्ग आहेत. एक, आत शिरायचं, "मला लाइम-सोडा" म्हणायचं आणि आपली पाळी आली की सगळ्यांची बिअर आणायची. हा महागात पडतो. दुसरा, सुरुवातीलाच सांगून टाकायचं, "मी माझं माझं घेते, मी राउंडमध्ये नाही." हे पूर्णपणे चालतं, फक्त पहिल्या ग्लासाआधी सांगायचं, दुसऱ्याने आणून दिलेलं संपवल्यावर नाही. मी बराच काळ तिसरंच केलं: बिअर नाही, पण चिप्सची पाकिटं फोडून टेबलाच्या मधोमध पसरायची. पाकीट सगळ्या बाजूंनी फाडून ताटासारखं उघडायचं, म्हणजे ते सगळ्यांचं झालं. इंग्लंड आणि वेल्समध्ये पबला गिऱ्हाइकाला नळाचं पाणी फुकट द्यावंच लागतं, हेही लक्षात ठेवा. आणि तुम्ही पंचविशीच्या आतले दिसत असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा. वय अठरा लागतं, पण शंका आली की विचारतात.

पिणाऱ्यांसाठी आता थोडं बिअरबद्दल, आणि न पिणाऱ्यांनीही वाचा, कारण यात एक गोष्ट पबच्या मुळाशी जाणारी आहे. काउंटरवर नळ दोन तऱ्हेचे दिसतील. छोटे, चकाकणारे, दिवे लावलेले नळ म्हणजे केग बिअर: कारखान्यात तयार झालेली, थंडगार, गॅसच्या दाबाने वर येणारी. आणि लांब लाकडी किंवा चिनी मातीच्या मुठीचे जे दांडे असतात, जे खेचावे लागतात, ते हँडपंप. त्यातून येते ती कास्क एल. कास्क म्हणजे पिंप. या पिंपातली बिअर जिवंत असते. तिच्यात यीस्ट तसंच ठेवलेलं असतं आणि पबच्या तळघरात आल्यावरही ती आंबत राहते. तळघरातलं तापमान साधारण ११ ते १३ अंश. पिंप घोडीवर आडवं ठेवायचं, वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची म्हणजे जादा वायू हळूहळू निघून जातो, मग ती काढून कडक खुंटी बसवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वास घेऊन, चाखून बघायचं. हे सगळं लँडलॉर्डच्या हातात असतं. इडलीचं पीठ कधी फुगलं आणि कधी उतरलं हे आजीला जसं कळतं तसलं हे ज्ञान. एकाच कारखान्याची तीच बिअर एका पबमध्ये सुरेख लागते आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्या पबमध्ये बेचव, त्याचं कारण हे.

आणि आता मुख्य गोष्ट. कास्कमधून बिअर काढली की तिच्या जागी हवा शिरते. एकदा उघडलं की पिंप साधारण तीन दिवस चांगलं राहतं, मग आंबट व्हायला लागतं. पबमध्ये सर्रास वापरतात त्या पिंपात नऊ गॅलन, म्हणजे ७२ पिंट मावतात. म्हणजे तीन दिवसांत ७२ पिंट प्यायला माणसं आली नाहीत तर उरलेली बिअर ओतून द्यावी लागते, किंवा वाईट मालक असेल तर तीच पुढच्याला पाजतो. नेहमीची माणसं येत असतील तर बिअर चांगली, बिअर चांगली असेल तर माणसं येतात. हे सुपरमार्केटमधून बाटलीत भरून घरी नेता येत नाही. म्हणून पबमध्ये दहा-दहा हँडपंप आणि मंगळवारी रात्री आत तीन माणसं असं दृश्य दिसलं तर जरा जपून. दोनच पंप पण भरलेली खोली, तिथे खुशाल घ्या. आंबट लागली तर ग्लास परत न्यायचा, आवाज न चढवता सांगायचं. चांगला लँडलॉर्ड काही न बोलता बदलून देतो.

१९६०-७०च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी ही सगळी कटकट नको म्हणून सगळीकडे केग आणायला सुरुवात केली होती. त्याविरुद्ध १९७१मध्ये चार तरुणांनी कामरा नावाची चळवळ सुरू केली, गंमत म्हणजे आयर्लंडमधल्या एका पबमध्ये बसून. ग्राहकांनी उभी केलेली ही चळवळ नसती तर कास्क एल बहुधा संग्रहालयात गेली असती.

आयपीएचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. त्यातला 'आय' आपला, म्हणजे इंडियाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस पूर्व लंडनमधल्या बो इथल्या हॉजसनची बिअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून कलकत्ता-मुंबईकडे जायची. समुद्रप्रवासात टिकावी म्हणून हा प्रकार खास शोधून काढला ही कथा मात्र सपाट करून सांगितलेली आहे. काळी पोर्टर बिअरही त्याच जहाजांतून जात होती आणि व्यवस्थित पोहोचत होती.

शाकाहारी असाल तर एक पुस्ती: कास्कमधला गाळ खाली बसावा म्हणून बऱ्याचदा आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. काही कारखाने आता ते टाळतात, गिनेसनेही सोडलं. काउंटरवर विचारलंत तर कोणी हसत नाही.

आता जरा भिंतींकडे बघा. जुन्या पबमध्ये एकाच काउंटरभोवती दोन-तीन वेगवेगळ्या खोल्या असतात, कधी काचेवर अजून नावं कोरलेली दिसतात: पब्लिक बार, सलून, स्मोक रूम. व्हिक्टोरियन काळात मजूर पब्लिक बारमध्ये, उघड्या फरशीवर. कारकून आणि व्यापारी सलूनमध्ये, गालिच्यावर, आणि तिथे बिअरला थोडे जास्त पैसे. लंडनच्या ब्लूम्सबरीत 'द लॅम्ब' नावाचा पब आहे, तिथे काउंटरच्या वर काचेच्या छोट्या फिरत्या झडपा आहेत. त्यांना स्नॉब स्क्रीन म्हणतात. पलीकडे ओतणाऱ्याला आपला चेहरा दिसू नये, म्हणून. लिव्हरपूलचा फिलहार्मोनिक, लंडनमधल्या मेडा व्हेलचा प्रिन्स आल्फ्रेड, बेलफास्टचा क्राउन, यांची लाकूडकाम-काचकाम बघायला जावं असेच ते पब आहेत. पण सुंदर काच बघताना ती कशासाठी बसवली हेही बघावं. बायकांचंही तसंच. काही ठिकाणी काउंटरपाशी उभं राहून पेय मागायला बायकांना मज्जाव असायचा, आणि फ्लीट स्ट्रीटवरच्या एका वाइन बारमधली ही प्रथा थांबवायला दोन बायकांना अपील कोर्टापर्यंत जावं लागलं. निकाल लागला १९८२मध्ये.

माझी ती वीस मिनिटांची शंका चुकीची होती, असं वर म्हटलं. साठ वर्षांपूर्वी ती चुकीची ठरली नसती.

बर्मिंगहॅमला लागून स्मेथिक नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या लोखंडाच्या भट्ट्यांमध्ये पंजाबहून आलेली माणसं राबत होती. दिवसभर भट्टीसमोर उभं राहिल्यावर बाजूच्या गोऱ्या कामगारासारखीच त्यांनाही तहान लागायची, पण अनेक पबांमध्ये त्यांना सलून किंवा स्मोक रूममध्ये बसू देत नसत, काही ठिकाणी तर वाढतच नसत. याला कायद्याने बंदी नव्हती. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जोहल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती केली. गोऱ्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन ते पबमध्ये जायचे. विद्यार्थ्याला पेय मिळायचं, मागोमाग गेलेल्या भारतीयाला नाही. मग हेच पुरावे घेऊन पबच्या परवान्याला हरकत घ्यायची. आपण ज्याला प्रयोगाची नीट मांडणी म्हणतो ती हीच की!

१२ फेब्रुवारी १९६५ रोजी, असोसिएशनच्या बोलावण्यावरून, माल्कम एक्स स्मेथिकमध्ये आले. ब्लू गेट्स नावाच्या पबच्या स्मोक रूममध्ये ते गेले. त्यांना तिथे वाढायला नकार मिळाला. पब्लिक बारमध्ये जा, असं सांगण्यात आलं. वर्गासाठी उभारलेली भिंत रंगासाठी जशीच्या तशी कामाला आली होती. त्यानंतर नऊ दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनचा पहिला वंशसंबंध कायदा मंजूर झाला, आणि हॉटेलं, थिएटरं, पब अशा सार्वजनिक जागांत रंगावरून दार बंद करणं बेकायदा ठरलं. कायदा बराच लेचापेचा होता, पण 'सार्वजनिक घर' यातल्या 'सार्वजनिक' शब्दाला तेव्हा कुठे अर्थ आला.

याचा पुढचा भाग मला जास्त आवडतो. ज्या पबांनी बसू दिलं नाही, त्यांतले काही पुढच्या दशकांत त्याच भट्टी कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी चालवायला घेतले. स्मेथिक, वेस्ट ब्रॉमिच या भागात आज त्यांना देसी पब म्हणतात. आत डार्टबोर्ड आहे, हँडपंप आहे, फुटबॉल चालू आहे, आणि काउंटरवरून लोखंडी तव्यावर चरचरत मिक्स्ड ग्रिल येतं. पंजाबी आजोबा आणि गोरे आजोबा एकाच टेबलावर डॉमिनो खेळत बसलेले असतात. वेस्ट ब्रॉमिचच्या रेड लायनमध्ये रंगीत काचेची खिडकी आहे, चर्चमध्ये असते तशी. तिच्यावर संत नाहीत, स्थलांतरित कामगारांची गोष्ट आहे. डेव्हिड जेसुदासन यांनी २०२३मध्ये 'देसी पब्ज' नावाचं अख्खं पुस्तकच लिहिलंय, ते खिशात ठेवून मिडलंड्समध्ये एक शनिवार घालवा. पबमध्ये शिरताना आपण पाहुणे आहोत असं वाटत असेल, तर हा इतिहास सोबत असू द्या. त्या दाराचे पैसे आपल्यासारख्या कोणीतरी आधीच भरलेले आहेत.

पण दारं कमी होत चालली आहेत. २००० साली ब्रिटनमध्ये साधारण ६०,००० पब होते, आता ४५,०००च्या आसपास. स्वस्त सुपरमार्केट बिअर, कर, वीजबिल ही कारणं सगळे सांगतात. कमी सांगितलं जाणारं कारण मालकीचं आहे. पूर्वी बहुतेक पब बिअर कारखान्यांचेच असायचे आणि चालवणाऱ्याला त्यांचीच बिअर घ्यावी लागायची. ही मक्तेदारी मोडायला सरकारने १९८९मध्ये नियम केला: २,०००हून जास्त पब असलेल्या कारखान्यांनी वरच्यातले निम्मे मोकळे सोडावेत. हेतू चांगला होता. झालं असं की ते पब मालमत्ता कंपन्यांनी उचलले. त्यांना बिअरशी काही घेणंदेणं नव्हतं. चालवणाऱ्याला चढं भाडं आणि बिअरही आमच्याकडूनच चढ्या भावाने, अशी नवी बेडी पडली. आणि मोक्याच्या कोपऱ्यावरचा पब पाडून फ्लॅट बांधले तर जास्त पैसे, हे गणित कोणालाही कळतं.

कधीकधी ते गणित चुकतंही. मेडा व्हेलमधला कार्लटन टॅव्हर्न हा १९२०च्या सुमाराचा पब एप्रिल २०१५मध्ये परवानगी न घेता बुलडोझरने पाडला गेला, संरक्षित इमारत म्हणून त्याची नोंद होण्याच्या तोंडावर. आजूबाजूचे लोक उठले. त्यांनी आधीच आतल्या टाइल्सचे साचे आणि फोटो घेऊन ठेवायला लावले होते. नगरपालिकेने हुकूम दिला: विटेला वीट लावून होता तसा बांधा. २०२१च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा उघडला. दक्षिण लंडनमधल्या नन्हेडचा आयव्ही हाउस २०१३मध्ये तिथल्या रहिवाशांनी शेअर काढून विकत घेतला. कंब्रियातल्या हेस्केट न्यूमार्केट गावाने तर त्याच्या दहा वर्षं आधी आपला ओल्ड क्राउन सहकारी तत्त्वावर घेतला होता. सहकाराचं महाराष्ट्राला काही नवल नाही, पण साखरेऐवजी गप्पांचा कारखाना सहकारी असू शकतो हे मला तिथे कळलं.

ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांनी २०१६मध्ये केलेल्या अभ्यासात असं दिसलं की ज्यांचा एखादा ठरलेला 'लोकल' पब आहे, त्यांना जवळचे मित्र जास्त असतात आणि ते जास्त समाधानी असतात. अहवाल कामरासाठी केलेला होता, आणि मित्र आहेत म्हणून माणूस पबला जातो की पबला जातो म्हणून मित्र होतात, हा प्रश्न उरतोच. तरी छोट्या पबमध्ये गप्पा जास्त रंगतात हे निरीक्षण अनुभवाशी जुळतं.

मग चांगला पब ओळखायचा कसा? जॉर्ज ऑरवेलने १९४६मध्ये आपल्या आवडत्या पबवर एक लेख लिहिला, 'द मून अंडर वॉटर'. त्याची दहा वैशिष्ट्यं सांगितली आणि शेवटी कबूल केलं की असा पब अस्तित्वातच नाही. त्या दहांत बिअरचा भाग थोडाच, बाकी सगळं बसण्या-बोलण्याबद्दल: संगीताचा गोंगाट नाही, काउंटरवरच्या बायका गिऱ्हाइकांना ओळखतात, मागे बाग आहे जिथे मुलं खेळतात. माझी यादी याहून लहान आहे. शुक्रवारी नको, मंगळवारी किंवा बुधवारी जा. टीव्ही कमीत कमी असावेत. वेगवेगळ्या वयाची माणसं दिसावीत. एखादा माणूस एकटा पेपर वाचत बसलेला असेल तर ती सगळ्यांत चांगली खूण. त्याला कोणी उठवत नाही, म्हणजे तुम्हालाही उठवणार नाही. एका हाफ पिंटवर किंवा लाइम-सोड्यावर दोन तास बसता येतं. क्विझची रात्र असेल तर एखाद्या टेबलावर "एक माणूस हवाय का?" विचारा. क्रिकेटचा प्रश्न आला की तुमच्याशिवाय त्यांचं पान हलणार नाही. आणि कधी हॅम्पशायरमध्ये गेलात तर हॅम्बल्डन गावाबाहेरच्या ब्रॉडहाफपेनी डाउनवर बॅट अँड बॉल नावाचा पब आहे, समोर क्रिकेटचं मैदान. अठराव्या शतकात हॅम्बल्डन क्लबचा कप्तान रिचर्ड नायरेन हाच त्या खानावळीचा मालकही होता. आपण जो खेळ जीव ओवाळून बघतो त्याच्या सुरुवातीच्या बऱ्याच रीती ठरवणारी माणसं सामन्यानंतर त्याच्याकडेच बसायची.

रात्री अकराच्या आधी काउंटरवरची घंटा वाजेल. पहिली घंटा म्हणजे शेवटची ऑर्डर. दुसरी म्हणजे काउंटर बंद, हातातलं संपवा, घाई नाही. उठताना आपला रिकामा ग्लास उचलून काउंटरवर नेऊन ठेवा. तसं करायला कोणी सांगत नाही, पण दिसतं सगळ्यांना. आतून बहुतेक वेळा "चीअर्स" येतं, आणि यॉर्कशायरमध्ये असाल तर "चीअर्स, लव्ह".